पुढचं बघताना

पुनावळ्यात घर बघायला येणाऱ्या मुली हल्ली वरचेवर माझ्याकडे येऊन बसतात. कुणी मैत्रिणीच्या ओळखीने येते, कुणी लांबच्या नात्यातली असते, कुणी हिंजवडीत नोकरी लागली म्हणून लातूर-जळगावकडून नवीनच आलेली असते. चहा घेता घेता सगळ्यांचं विचारणं एकच: "ताई, इथे पुढे काय होईल?" भाव वाढतील का, मेट्रो येईल का, पाण्याचं काय. बोलणं जरा पुढे गेलं की मग मनातलं बाहेर येतं. वीस वर्षांचा हप्ता झेपेल का? नोकरी टिकेल का? मूल झालं की कसं करायचं? आईबाबा थकले की त्यांना इकडे आणता येईल का? आज तुला सगळं एकदाच नीट सांगते. धाकट्या बहिणीला सांगावं तसं सांगणार आहे, तेव्हा कुठे स्पष्ट बोलले तर मनाला लावून घेऊ नकोस.

पुढचं सगळं अंधारातच असतं, असं आपण धरून चालतो. ते पुरतं खरं नाही गं. त्यातलं बरंच काही कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं, नकाशावर रंगवलेलं असतं, त्यावर शिक्का बसलेला असतो. ते कुणालाही वाचता येतं. उरलेलं मात्र कुणालाच वाचता येत नाही, एजंटालाही नाही आणि ज्योतिषालाही नाही. आपण करतो काय, तर जे वाचता येतं ते उघडून बघत नाही, आणि जे कळणारच नाही त्याच्या काळजीने रात्रीची झोप घालवतो.

हे मला शिकवलं ते आपल्या पुनावळ्याच्या कचरा डेपोने.

पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तेव्हा इथे शेती होती, वस्त्या होत्या, मधून बैलगाडीचे रस्ते होते. शहराचा कचरा १९९१ पासून मोशीला पडत होता. तो डेपो कधीतरी भरणार हे दिसत होतं, म्हणून २००८ मध्ये महापालिकेने दुसऱ्या कचरा प्रकल्पासाठी पुनावळ्यातली वनखात्याची सुमारे २६ हेक्टर जागा ठरवली. शहराच्या बाजूने पाहिलं तर तोही पुढचाच विचार होता. पण त्यानंतर हिंजवडी फुगत गेली, बायपासच्या दोन्ही अंगांना रस्ते झाले, आणि कोयते वस्तीपासून जांबे गावच्या रस्त्यापर्यंत उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांना बांधकाम परवानगी देणारी महापालिका तीच. जाहिरातीत लिहिलं होतं 'डोंगराचं दृश्य', 'हिरवाईच्या कुशीत'. ती हिरवाई म्हणजे डेपोसाठी ठरवलेलं तेच जंगल, हे घर घेणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही, आणि घेणाऱ्यांनीही विचारलं नाही.

२०२३ मध्ये तो प्रकल्प पुन्हा हलायला लागला तेव्हा कुठे लोकांना कळलं. ज्यांनी आयुष्यभराची कमाई घातली होती, ज्यांच्या कर्जाची पंधरा-पंधरा वर्षं अजून बाकी होती, ती माणसं रविवारची सुट्टी सोडून रस्त्यावर आली. झाडांना मिठ्या मारून उभी राहिली, दुचाकींची फेरी काढली, सह्या गोळा केल्या. त्यात कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या, काठी टेकत आलेले आजोबा होते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी प्रकल्प रद्द करत असल्याचं सांगितलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

शेवट चांगला झाला, पण तू त्याच्या आधीची पंधरा वर्षं बघ. २००८ पासून तो कागद होता, कुठे लपवून ठेवलेला नव्हता. हजारो घरांनी पुढच्या वीस वर्षांचा हिशोब मांडला आणि शेजारच्या जागेवर काय येणार तेवढं बघायचं राहिलं.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे. घर आवडलं की सॅम्पल फ्लॅटचे फोटो काढतेस ना, त्याच्याबरोबर जागेचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर लिहून घे. महापालिकेच्या नगररचना विभागात त्या नंबरवर झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. भाग नकाशा घेतलास की नुसती आपली इमारत बघून थांबू नकोस. चारी बाजूंना काय रंगवलंय ते बघ: रस्ता कुठून जाणार, आरक्षण कशाचं, समोरच्या मोकळ्या रानावर उद्यान आहे की सांडपाण्याचा प्रकल्प. शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जुना नकाशा बघून समाधान मानू नकोस. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे असा आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. तुझं कर्जही वीस वर्षांचं. एक कागद बघून दुसऱ्यावर सही करायची, इतकं हे सरळ आहे.

इथल्या जुन्या गावकऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, कारण त्यांनी ते सोसलंय. ज्या घराच्या सातबाऱ्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं, त्या घरातल्या माणसाला ती जमीन ना धड विकता येते ना तिच्यावर बांधता येतं. मुलगी लग्नाची होते, मुलगा शिकायला निघतो, आणि जमीन तशीच नकाशावर रंगात अडकलेली. दहा वर्षांत महापालिकेने ताब्यात घेतली नाही तर मालकाला नोटीस देता येते आणि मग ठरलेल्या मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण सुटतं, अशी तरतूद कायद्यात आहे. पण दहा वर्षं म्हणजे माणसाच्या आयुष्यातला केवढा तुकडा! आपण इथे नवीन आलोय. आपली बाल्कनी ज्या शेतात उभी आहे त्या शेताच्या मालकानेही कधीतरी पुढचा विचार केला होता, हे लक्षात ठेव. गावातल्या बायकांशी ओळख ठेव, त्यांच्याकडून ऐकून खूप कळतं.

नदीचंही बघ. आपल्याला पवना आहे, पलीकडे इंद्रायणी. नदीच्या दोन्ही काठांना पाटबंधारे खातं पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बंगले झाले होते. हरित न्यायाधिकरणाने ते पाडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही, आणि १७ मे २०२५ ला ३६ बंगले एका दिवसात पाडले. त्या लोकांकडे खरेदीखतं होती, काहींनी मिळकतकरही भरला होता. नोंदणी झाली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असा आपला समज असतो. तो किती महाग पडू शकतो ते त्या दिवशी अख्ख्या शहराने पाहिलं. मला त्या बायकांचे रडवेले चेहरे अजून आठवतात. रेषा नकाशावर होती गं, आधीपासून.

बांधकामाचा कागद मे २०१७ पासून महारेराने सोपा केलाय. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकलास की मंजुऱ्या, ताब्याची कबूल केलेली तारीख, ती पुढे ढकलली असेल तर तेही, आणि काही खटले असतील तर ते, सगळं समोर येतं. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. "आज वीस टक्के भरा, मग बघू रजिस्ट्रेशनचं," असं कुणी म्हणालं तर तिथून उठून ये. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र हातात हवं, 'पंधरा दिवसांत येईल' यावर किल्ली घ्यायची नाही.

पाण्याचं मात्र मी तुला जरा सविस्तर सांगते, कारण पुनावळ्यात राहणाऱ्या बाईचा दिवस पाण्याभोवती फिरतो. शहराला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. पवना धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणायची योजना त्याच्या कितीतरी आधीची. मावळातल्या शेतकऱ्यांचा तिला विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन जीव गेले, त्यात एक बाई होती. त्यानंतर काम वर्षानुवर्षं बंद राहिलं. आपल्या नळाला पुढे किती पाणी येणार हा प्रश्न असा कुणाच्या तरी शेतापाशी आणि कुणाच्या तरी मरणापाशी जाऊन पोचतो. म्हणून 'पाण्याचं होईल की' या बोलण्यावर हिशोब बसवू नकोस. सोसायटीत आधी राहायला आलेल्या बाईला गाठ आणि मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला ते विचार. तो आकडा तुझ्या देखभाल खर्चात धर. हे एजंट सांगणार नाही, चौथ्या मजल्यावरच्या काकू सांगतील.

मेट्रोचंही तसंच. हिंजवडी ते शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि मग सुरू होण्याच्या तारखा पुढे पुढे सरकत राहिल्या. शिवाय ती पुनावळ्यातून जात नाही. पावसाळ्यात सकाळी साडेनऊला बायपासखालचा भुयारी रस्ता पार करून बघ, मग 'मेट्रो पाच मिनिटांवर' याचा अर्थ कळेल. तारीख ठरलेली गोष्ट आणि झालेली गोष्ट, दोन्ही एका रांगेत धरू नकोस. घर घेताना आज जे आहे त्याच्यावर घे. पुढे काही आलं तर ते वरचं.

आता हप्ता. आकडेच बोलू या. समज ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता ५२ हजारांच्या जरा वर बसतो, आणि वीस वर्षांत बँकेला मिळून सुमारे १ कोटी २५ लाख जातात. हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने वहीत लिही. फोनवर बघून विसरायला होतं. आता पुढचं ऐक. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. ज्याने साडेसहा टक्क्यांनी ६० लाख घेतले होते त्याचा हप्ता ४४,७०० च्या आसपास होता. तेच कर्ज नऊ टक्क्यांना गेलं की हप्ता ५४ हजारांच्या घरात जातो. बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. हप्ता वाढला नाही म्हणून लोक निश्चिंत राहिले, आणि कर्ज मात्र निवृत्तीच्या पलीकडे जाऊन बसलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तेव्हा बँकेचं पत्र आलं की बाजूला ठेवू नकोस, उत्तर दे. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही. बोनस आला की त्यातला काही भाग मुद्दलात घाल, सुरुवातीच्या वर्षांत त्याचा फार उपयोग होतो.

बँक तुम्हा दोघांचे पगार धरून कर्ज मंजूर करेल. कर्ज दोघांवर घे, पण हप्ता एकाच्या पगारात बसेल एवढाच ठेव. दोघांच्या पगारात जेमतेम बसणारा हप्ता म्हणजे पुढच्या वीस वर्षांत दोघांपैकी एकानेही कधी आजारी पडायचं नाही, घरी बसायचं नाही, मनासारखं काम शोधायला थांबायचं नाही, असा करार झाला. मूल झाल्यावर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, ही २०१७ ची चांगली दुरुस्ती. पण सत्ताविसाव्या आठवड्याला बाळ कुणाकडे ठेवायचं, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. कितीजणींनी त्या आठवड्यात नोकरी सोडलेली मी या पट्ट्यात पाहिली आहे. त्यांना ती सोडायची होती असं नाही, पण हप्त्यामुळे पाळणाघराला आणि सांभाळणाऱ्या बाईला पैसे उरत नव्हते.

नोकरीचं कुणालाच सांगता येत नाही, आणि या गावाला तर ते चांगलंच ठाऊक आहे. पिंपरीची औद्योगिक ओळख सुरू झाली ती १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, त्यात लागलेल्या माणसाला मुलगी द्यायला लोक एका पायावर तयार असत. पुढे त्याच कारखान्यात पगार महिनोनमहिने थकले. आकुर्डीत बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. तळेगावची जनरल मोटर्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. आता ती जागा ह्युंदाईकडे आहे, तिथून पुन्हा गाड्या निघायला लागल्या, पण ज्यांची नोकरी गेली त्यांचे हप्ते मधल्या काळात थांबले नव्हते. हे तुला घाबरवायला सांगत नाही. या प्रत्येक कारखान्यातली माणसं शहाणी होती, कष्टाळू होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जे दिसणं शक्यच नव्हतं ते त्यांना दिसलं नाही, इतकंच.

जे दिसणार नाही त्याच्यासाठी काय करायचं? आपली आई वाढत्या अंगाच्या मुलीचा परकर शिवताना खाली चांगली चार बोटं दुमड ठेवायची ना, तसं. मुलगी किती उंच होणार ते तिला माहीत नव्हतं, तिने फक्त कापड राखून ठेवलं. घराचा सहा महिन्यांचा खर्च आणि सहा हप्ते एवढे पैसे वेगळे असू देत, मुदत ठेवीत चालतील, त्यांना हात लावायचा नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा वेगळा घे, आणि वय कमी आहे तोवर घे. आईबाबांच्या दुखण्यासाठी एक आकडा बाजूला काढ, तो कुणी मागायच्या आधी. इंटेरियरला सहा लाख घालून हे सगळं शून्यावर आणणाऱ्या मुली बघितल्या की मला फार वाईट वाटतं. पडदे नंतर येतील गं.

तू चाकणला कंत्राटावर काम करत असशील तर तुला वेगळं सांगते. तुझ्या पुढ्यात घर नाही, सात-आठ महिन्यांनी संपणारा गेटपास आहे. कंत्राटदार बदलला की पीएफ काढून घ्यायचा, अशी तिकडे रीत पडली आहे. काढू नकोस. पीएफचा यूएएन नंबर एकच ठेव, आधीची खाती त्याला जोडून घे. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते आणि ती वेगवेगळ्या मालकांकडची मिळून धरता येते, पण मध्ये मध्ये पैसे काढलेस की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. १५ हजारांच्या पगारावर दहा वर्षांची पेन्शन महिन्याला २,१०० रुपयांच्या थोडी वर बसते. थोडीच आहे, मान्य. पण अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मरेपर्यंत दर महिन्याला स्वतःच्या नावावर येणारे पैसे आपल्या आयांपैकी कितीजणींना मिळाले, ते आठवून बघ. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड मागून घे, तो तुझा हक्क आहे.

आणि सगळंच एकदम कोसळलं तर? तर लांबचं आखायचं काही काळ थांबव. देशानेही हे केलं आहे. १९६५ चं युद्ध झालं, लागोपाठ दुष्काळ पडले, १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि पंचवार्षिक योजना बाजूला ठेवून तीन वर्षं देश एकेका वर्षाच्या योजनेवर चालला. त्याच काळात, १९६७ मध्ये, आपल्या पुण्याचे धनंजयराव गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. सहकार आणि नियोजन या विषयांत आयुष्य घातलेले ते अर्थतज्ज्ञ, त्यांनाही चौथी योजना १९६९ पर्यंत सुरू करता आली नाही. नोकरी गेली, बाळंतपण अवघड गेलं, घरात कुणी अंथरुणाला खिळलं, तर तूही एका वर्षाचं बघ. एका महिन्याचं बघ. त्या काळात "पुढे काय ठरवलंयस?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना सरळ सांग की सध्या या महिन्याचं ठरवलंय.

आता जे बोलायला जड जातं ते. घर तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, एप्रिल २०२१ पासून. ७० लाखांच्या घराला ७० हजार वाचतात, म्हणून पुष्कळ नवरे हौसेने बायकोच्या नावावर घेतात. छान आहे. पण नाव लागलं की त्याच्या पुढचंही बघायला हवं. समज, लग्न झालंय, मूल नाही, घर तुझ्या कमाईचं, आणि तुझं काही बरंवाईट झालं. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे घर आधी नवऱ्याला जातं. तोही नसेल तर त्याच्या वारसांना. तुझे आईवडील येतात त्यांच्यानंतर. ज्या बापाने शेत गहाण ठेवून तुला इंजिनिअर केलं, तो रांगेत सासरच्या माणसांच्या मागे उभा असतो. सासरचे वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण कुणाला काय द्यायचं ते तू ठरवावंस.

मृत्युपत्राला फार काही लागत नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक नको. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, आणि त्या साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही मिळणारं नसावं. नोंदणी सक्तीची नाही, केलीस तर उत्तम. बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून भागलं असं समजू नकोस. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी वारसाने किंवा मृत्युपत्राने ठरते. पीएफचं नामनिर्देशन लग्नाआधी आईच्या नावाने केलेलं असेल तर लग्नानंतर ते चालत नाही, नव्याने कर. तिशीत मृत्युपत्र म्हणजे अभद्र, असं आई म्हणेल. तिला जवळ बसवून समजाव. नवऱ्यालाही त्याचं करायला सांग, दोघांनी एकाच दिवशी करा.

शेवटचं सांगते. नकाशावर आहे म्हणजे होणारच, असंही नाही. डेपो पंधरा वर्षं कागदावर होता आणि लोकांनी तो खोडायला लावला. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकत घ्यायला मुदत मिळते. मे २०२५ च्या आराखड्याला साठ दिवस होते आणि शहरातल्या हजारो लोकांनी हरकती दिल्या. त्यात चऱ्होली, चिखलीचे शेतकरी होते, सोसायट्या होत्या. हरकत म्हणजे एक साधा अर्ज: माझा गट नंबर हा, तुम्ही इथे हे दाखवलंय, मला ते या कारणाने मान्य नाही. अर्जाला पोच घ्यायची आणि सुनावणीला बोलावलं की जायचं. सोसायटीच्या सभेला 'हे जातात' म्हणून घरी राहू नकोस. पाणी भरणारी तू, मुलांना शाळेत सोडणारी तू, मग वीस वर्षांनी तुझ्या खिडकीसमोर काय असावं हे बोलायलाही तूच जायला हवंस.

येत्या रविवारी साइटवर जाशील तेव्हा आधी गट नंबर लिहून घे. सोमवारी अर्धा दिवस रजा टाक आणि नगररचना विभागात झोन दाखल्याचा अर्ज देऊन ये. दाखला हातात येईपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नकोस.